जरीपटका उशिरा आला

२४ नोव्हेंबर १८१७ रोजी नागपूरचे राजे आप्पासाहेब भोसल्यांनी पेशव्यांकडून आलेली खिलत, म्हणजे मानाचा पोशाख, नागपुरात समारंभाने स्वीकारली. खिलतीबरोबर जरीपटका होता आणि मराठी राज्याच्या सेनापतिपदाचा किताब होता. ब्रिटिश रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्सला याची कल्पना आधी दिली होती. पेशवे आणि कंपनी यांच्यात लढाई जुंपलेली असताना त्याच पेशव्यांचा किताब घेणं म्हणजे कंपनीशी वैर पत्करणं, असं त्याने बजावलं होतं. आप्पासाहेबांनी ऐकलं नाही. दोन दिवसांनी, २६ तारखेच्या संध्याकाळी, सीताबर्डीच्या टेकड्यांवर गोळीबार सुरू झाला.

ज्या पुण्याच्या नावाने हा जरीपटका आला, ते पुणं तोवर पडलेलं होतं. ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई फसली, १७ तारखेला शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं आणि पेशवे साताऱ्याच्या वाटेने निघून गेले. कागदावर तर त्याहून मोठी गोष्ट आधीच घडली होती. १३ जून १८१७ च्या पुणे करारात दुसऱ्या बाजीरावांनी मराठी सरदारांचं प्रमुखपण सोडून दिलं होतं आणि इतर दरबारांत वकील न ठेवण्याचंही कबूल केलं होतं. नागपूरने मराठी संघाचं सेनापतिपद पत्करलं, तेव्हा तो संघ करारानुसार संपलेला होता आणि त्याची राजधानी शत्रूच्या ताब्यात होती. शंभर वर्षं ज्या नात्याला नागपूर कधी हो म्हणालं, कधी नाही म्हणालं, त्याला निखळ होकार मिळाला तो या घटकेला.

हा उशीर समजून घ्यायचा तर १७०७ सालापर्यंत मागे जावं लागतं. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर मोगलांच्या कैदेतून सुटून आलेले शाहू खानदेशात उतरले, तेव्हा हा खरा शाहू की तोतया, अशी शंका उघडपणे घेतली जात होती. परसोजी भोसले त्यांना पहिल्यांदा जाऊन मिळाले आणि एका ताटात जेवून त्यांनी ती शंका मिटवली. ‘सेनासाहेब सुभा’ हा किताब पुढे याच घराण्यात राहिला. या किताबाची सनद साताऱ्याच्या छत्रपतींची होती, पेशव्यांची नव्हती. पेशवे छत्रपतींचे प्रधान आणि भोसले छत्रपतींचे सेनासाहेब सुभा. दोघेही एकाच धन्याचे चाकर. नागपूरकरांच्या मनात हा हिशेब कायम पक्का होता. शिवाय आडनाव भोसले. छत्रपतींच्या घराण्याशी आपलं रक्ताचं नातं आहे, ही भावना त्यांच्या वागण्यात पुन्हा पुन्हा दिसते.

या घराण्यातले पहिले रघूजी भोसले नागपुरात आले ते देवगडच्या गोंड राज्यातल्या वारसाच्या भांडणामुळे. नागपूर शहर वसवलं ते देवगडच्या बख्त बुलंद शाहाने. त्याच्या वारसांपैकी चांद सुलतान वारल्यावर गादीसाठी तंटा पेटला, राणीने मदतीला रघूजींना बोलावलं आणि १७४३ च्या सुमारास सत्ता रघूजींकडे आली. गोंड राजाला त्यांनी हाकललं नाही. त्याचा मान ठेवला, उत्पन्नात वाटा ठेवला, नावापुरतं राजेपणही राहू दिलं. सातारचे छत्रपती वर, गोंड राजा बाजूला आणि मध्ये प्रत्यक्ष कारभार करणारे रघूजी, अशी ही रचना होती. सार्वभौमत्व म्हणजे एकाच हातातली अखंड सत्ता, ही आजची समजूत अठराव्या शतकातल्या नागपूरला लागू पडत नाही. तिथे सत्तेचे थर होते आणि कोणत्या थराचा आधार कधी घ्यायचा, हेच राजकारण होतं.

रघूजींनी १७४१ मध्ये त्रिचनापल्ली घेऊन चंदासाहेबाला कैद केलं आणि मग बंगालकडे मोर्चा वळवला. याच बंगालवरून पुण्याशी पहिली उघड ठिणगी पडली. १७४३ मध्ये बंगालचा नवाब अलिवर्दीखान याच्या बाजूने नानासाहेब पेशवे स्वतः फौज घेऊन बंगालात उतरले आणि त्यांनी रघूजींच्या मराठी फौजेला तिथून हुसकावलं. चौथाईवर हक्क कोणाचा, एवढाच वाद होता. अखेर शाहूंनी दोघांना बसवून टापू वाटून दिले आणि पूर्वेकडचा मुलूख रघूजींच्या वाट्याला आला. वर्ष उलटत नाही तोच, ३१ मार्च १७४४ रोजी, अलिवर्दीने रघूजींचे सेनापती भास्करराम कोल्हटकर यांना बोलणीसाठी मनकऱ्याला बोलावून दग्याने मारलं. रघूजी तरीही मागे हटले नाहीत. १७५१ च्या तहात बंगालची १२ लाखांची चौथाई आणि ओरिसा त्यांच्या पदरात पडले. ही कमाई नागपूरने एकट्याने केली होती, आणि पुण्याचं त्यात योगदान होतं ते अडथळ्याचं. नागपूरचा स्वतंत्र बाणा कुठून आला असं कोणी विचारलं, तर मी पहिलं बोट या सालांकडे दाखवीन.

शाहू डिसेंबर १७४९ मध्ये वारले. पुढच्या वर्षी सांगोल्याच्या कराराने सर्व कारभार पेशव्यांकडे गेला आणि छत्रपती साताऱ्याला नावापुरते उरले. दोन चाकरांमधला तंटा सोडवणारा धनी आता राहिला नाही. त्यांच्यातलाच एक धन्याच्या जागी बसला. याची सगळ्यांत जास्त झळ नागपूरला लागली, आणि ती लगेच लागली. १७५५ मध्ये रघूजी गेल्यावर गादी जानोजींची की मुधोजींची, या त्यांच्या मुलांमधल्या वादाचा निकाल पुण्याने लावला. जानोजींना सेनासाहेब सुभा केलं, मुधोजींना सेनाधुरंधर हा किताब आणि चांदा दिला. घर दोन ठिकाणी वाटलं की दोघांनाही पुण्याकडे बघावं लागतं, हे पुण्याला नीट कळत होतं.

१४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर नागपूरची फौज नव्हती. दोन वर्षांनी मात्र जानोजी निजामाच्या छावणीत होते. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर याने त्यांना सातारच्या गादीच्या कारभाराची आशा दाखवली होती आणि नागपूरचे दिवाण देवाजीपंत चोरघडे या मसलतीत होते. पेशवाईत साडेतीन शहाणे सांगतात, त्यातले दोन पूर्ण शहाणे हेच. नरखेडच्या या देवाजीपंतांइतका हिशेबी मुत्सद्दी विदर्भात दुसरा झाला नसेल. १७६३ च्या उन्हाळ्यात निजामाच्या फौजेने पुणं लुटलं आणि जाळलं, तेव्हा भोसल्यांचं निशाण त्या फौजेत होतं. पुढे ३२ लाखांच्या मुलखाचं वचन मिळताच जानोजी पेशव्यांकडे फिरले, आणि १० ऑगस्टला राक्षसभुवनावर निजामाचा पराभव झाला. विठ्ठल सुंदर तिथेच मारला गेला.

जानोजींची ही दुहेरी चाल मला समजते, पण तिचं समर्थन करवत नाही. पुण्याच्या पेठा जळत असताना भोसल्यांच्या घोडेस्वारांनी केलेली लूट ही मराठी माणसांचीच होती. तरुण माधवराव पेशव्यांनी ती गोष्ट मनातून कधी काढली नाही. १७६६ मध्ये त्यांनी निजामालाच बरोबर घेऊन जानोजींवर चाल केली आणि दिलेल्या मुलखातला २४ लाखांचा परत घेतला. १७६९ मध्ये पुन्हा मोहीम काढली. या वेळी नागपूर लुटलं गेलं, जाळलं गेलं. जानोजी हुलकावणी देत थेट पुण्याच्या रोखाने धावले, तेव्हा घाबरलेल्या पुणेकरांनी चीजवस्तू शहराबाहेर हलवल्या. सहा वर्षांत मराठ्यांची दोन मोठी शहरं मराठी फौजांच्या सहभागाने बेचिराख झाली. परक्या शत्रूने लादलेली ही लढाई नव्हती. दोन्ही दरबारांना एकमेकांचा धाक बसवायचा होता.

त्या मोहिमेचा शेवट कनकापूरच्या तहात झाला. हा तह नीट वाचला पाहिजे, कारण संघ म्हणजे काय याची पुण्याची कल्पना त्यात उघड दिसते. भोसल्यांनी दरसाल ५ लाखांची खंडणी द्यावी. पेशव्यांच्या मुलखात घासदाणा, म्हणजे फौजेच्या चाऱ्याधान्याची वसुली, घेऊ नये. परवानगीवाचून फौज वाढवू नये. बोलावणं आलं की फौजेसह हजर व्हावं. दिल्लीचा बादशहा, अयोध्येचा नवाब, रोहिले, इंग्रज यांच्याशी परभारे पत्रव्यवहार ठेवू नये. बदल्यात पेशव्यांनी हिंदुस्थानच्या मोहिमांना जाताना नेहमीची वाट सोडून भोसल्यांचा मुलूख तुडवू नये आणि भोसल्यांच्या भाऊबंदांच्या तक्रारींना थारा देऊ नये. ओरिसावर इंग्रज चालून आले तर तिकडे फौज पाठवायची मोकळीक जानोजींना राहिली, पण पुण्याला त्या फौजेची गरज नसेल तरच.

यात पैसा आहे, फौज आहे, परराष्ट्र व्यवहार आहे. फक्त एक गोष्ट नाही. लढाई कोणाशी करायची, तह कोणाशी करायचा, हे ठरवताना नागपूरचा शब्द कुठे मोजला जाईल, याचं एकही कलम नाही. बोलावलं की यायचं. पण यायचं ते हुकूम घ्यायला. शिंदे, होळकर, गायकवाड, भोसले आणि पेशवे यांनी वर्षातून एकदा एकत्र बसून निर्णय घ्यावेत, अशी बैठक मराठेशाहीत कधी उभी राहिली नाही. त्याच काळात समुद्रापलीकडे अमेरिकेच्या १३ वसाहतींनी १७८१ मध्ये असाच सैल संघ बांधला होता. सहा वर्षांत त्यांना त्याचं दुबळेपण कळलं आणि १७८७ मध्ये फिलाडेल्फियाला जमून त्यांनी नवी घटना लिहिली, तीत लहान राज्यांना मोठ्यांइतक्याच जागा एका सभागृहात दिल्या. त्यांच्याकडेही स्वार्थ होता, अहंकार होता. पण त्यांना बसायला एक खोली होती आणि भांडणाचा निकाल लिहून ठेवायची सवय होती. आपल्याकडे सनदा होत्या, खिलती होत्या, शपथा होत्या. ती खोली नव्हती.

भाऊबंदांना थारा न देण्याचं कलम तर फार काळ टिकलं नाही. १७७२ मध्ये निपुत्रिक जानोजी वारले आणि साबाजी व मुधोजी हे भाऊ एकमेकांवर उठले. पुण्यात राघोबांचा पक्ष मुधोजींकडे, त्यांच्याविरुद्धच्या बारभाईंचा साबाजींकडे. पुण्याचं भांडण नागपूरच्या शेतांत लढलं गेलं. २६ जानेवारी १७७५ रोजी नागपूरजवळच्या पाचगावला लढाई झाली आणि तीत साबाजी मुधोजींच्या हातून मारले गेले. मुधोजींनी आपला मुलगा दुसरे रघूजी यांच्या नावाने कारभार हाती घेतला.

याच मुधोजींकडे १७८० च्या आसपास मराठेशाहीचं भवितव्य काही महिने होतं, असं म्हटलं तर ते वाढवून सांगणं होणार नाही. इंग्रजांशी युद्ध चालू होतं. नाना फडणवीसांनी निजाम, हैदर अली आणि नागपूरकर यांना एका कटात बांधलं होतं. हैदरने मद्रासवर जायचं, नागपूरकरांनी बंगालवर. हैदर गेला आणि त्याने कर्नाटकात हाहाकार उडवला. मुधोजींचा मुलगा चिमणाजी ३० हजार घोडदळ घेऊन निघाला खरा, पण मजल दरमजल इतक्या सावकाश की कटकला पोहोचेपर्यंत मोसम गेला. कंपनीचा गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जने पैसे पाठवले. बंगालवर स्वारी झाली नाही. उलट मद्रासच्या मदतीला निघालेली कर्नल पिअर्सची इंग्रज फौज ओरिसातून, भोसल्यांच्या मुलखातून, सुखरूप पुढे गेली. त्याआधी १७७८ मध्ये गॉडर्डची फौज होशंगाबादेला नर्मदेवर तळ देऊन होती, तेव्हाही नागपूरने तिला अडवलं नव्हतं.

मुधोजींची बाजू काही खोटी नव्हती. बंगालची चौथाई इंग्रजांनी थकवली होती, फौजेचा पगार चुकता करायचा होता, आणि कटाचा डाव जिंकला असता तरी वाटणी पुण्यात झाली असती. हेस्टिंग्जने त्यांच्यापुढे सातारच्या गादीचंही आमिष धरलं होतं. ते त्यांनी घेतलं नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवलं पाहिजे. पण त्या वर्षी बंगाल हललं असतं तर १७ मे १७८२ चा सालबाईचा तह वेगळा झाला असता, असं मला ठामपणे वाटतं. नागपूरने आपला स्वतंत्र निर्णय घेतला. तो निर्णय नागपूरच्या खजिन्यापुरता शहाणपणाचा होता. २३ वर्षांनी त्याच इंग्रजांनी कटक घेतलं, तेव्हा आड यायला कोणी उरलं नव्हतं.

मधल्या काळात ११ मार्च १७९५ ला खर्ड्यावर सगळे एकत्र दिसले. दुसरे रघूजी फौजेसह हजर होते, विजय मोठा होता. सात महिन्यांनी सवाई माधवराव गेले आणि पुण्यातल्या वारसाच्या भांडणात तो एकोपा विरघळला. ३१ डिसेंबर १८०२ ला बाजीरावांनी वसईला इंग्रजांची तैनाती फौज मान्य केली. इतर सरदारांना न विचारता मराठी राज्याच्या प्रमुखाने मराठी राज्याचं स्वातंत्र्य लिहून दिलं. कनकापूरला जानोजींवर जी बंदी घातली होती, परक्यांशी परभारे बोलणी न करण्याची, ती प्रमुखाने स्वतःवर कधी घालून घेतली नव्हती.

रघूजी आणि दौलतराव शिंदे यांनी हा तह नाकारला. संघाच्या वतीने उभं राहण्याची ती नागपूरची खरी वेळ होती आणि नागपूर उभं राहिलं. यशवंतराव होळकर मात्र बाजूला थांबले. २३ सप्टेंबर १८०३ ला असई, २९ नोव्हेंबरला अडगाव, १५ डिसेंबरला गाविलगड, असे एकामागून एक पराभव झाले. १७ डिसेंबरच्या देवगावच्या तहात कटक, बालासोर गेलं आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड निजामाकडे गेला. पहिल्या रघूजींनी कमावलेला पूर्वेचा मुलूख एका सहीने संपला. नागपूरच्या दरबारात रेसिडेंट येऊन बसला तो माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, आणि त्याच्यामागून जेंकिन्स.

तरीही या रघूजींनी एक गोष्ट शेवटपर्यंत केली नाही. तैनाती फौजेच्या तहावर त्यांनी सही केली नाही. रेसिडेंटांनी परोपरीने समजावलं. १८०९ मध्ये अमीरखान चालून आला, १८११ मध्ये पेंढाऱ्यांनी नागपूरच्या बाहेरच्या वस्त्या जाळल्या. प्रत्येक वेळी कंपनीची फौज हाताशी घेण्याचा सोपा मार्ग समोर होता. रघूजींनी पैसा जमवला, काटकसर केली, रयतेला पिळलं. लोक त्यांना ‘मोठा वाणी’ म्हणू लागले. रयतेवरचा तो जुलूम खरा होता आणि इंग्रजी अहवालांत तो भरभरून लिहिलेला आहे. पण उरलेलं राज्य परक्या फौजेच्या हाती द्यायचं नाही, हा हट्टही तितकाच खरा होता. २२ मार्च १८१६ ला ते वारले तेव्हा देशातल्या फार थोड्या राजांना हे जमलेलं होतं.

त्यांनी १३ वर्षं टाळलेली सही दोन महिन्यांत झाली. गादीवर आलेले त्यांचे पुत्र परसोजी आंधळे आणि पांगळे होते. कारभार रघूजींचे पुतणे आप्पासाहेब यांच्याकडे आला. दरबारात विरोध होता, म्हणून आप्पासाहेबांनी मे १८१६ अखेर रात्रीच्या वेळी, गुपचूप, तैनाती फौजेच्या तहावर सही केली. वर्षाला साडेसात लाख रुपये ठरले. फेब्रुवारी १८१७ मध्ये परसोजींचा खून झाला आणि आप्पासाहेब गादीवर बसले. ज्यांनी नागपूरचं स्वातंत्र्य रात्रीत लिहून दिलं, तेच आप्पासाहेब दीड वर्षाने मराठी राज्याचे सेनापती झाले. त्यांच्या मनात काय होतं, पश्चात्ताप की हिशेब, याचा निवाडा करायला आपल्याकडे साधन नाही. त्यांच्या फौजेच्या मनात काय होतं ते मात्र सीताबर्डीवर दिसलं.

इंग्रजांकडे लेफ्टनंट कर्नल स्कॉटच्या हाताखाली सुमारे १,४०० माणसं होती. भोसल्यांकडे अरबांसह सुमारे १८,०००. रात्रभर लढाई चालली. २७ च्या सकाळी अरबांनी लहान टेकडी जिंकली. निकाल त्यांच्या बाजूने लागतो आहे असं वाटत असतानाच कॅप्टन फिट्झजेराल्डच्या घोडदळाच्या हल्ल्याने रंग पालटला आणि दुपारपर्यंत टेकडी हातची गेली. डिसेंबरमध्ये कंपनीच्या डव्हटनची मोठी फौज आली. १६ तारखेला आप्पासाहेब स्वतः रेसिडेंसीत दाखल झाले, पण त्यांची माणसं लढतच राहिली. शहरातल्या अरबांनी तर महिनाअखेरपर्यंत दाद दिली नाही. राजा शरण गेल्यावरही दोन आठवडे लढणाऱ्या त्या परमुलखातल्या शिपायांची आठवण नागपूरने जेवढी ठेवायला हवी तेवढी ठेवलेली नाही.

आणि मग १८१८ च्या वसंतात पेशवे स्वतः नागपूरच्या मुलखाकडे आले. शंभर वर्षं नागपूरकरांना पुण्याला बोलावलं जात होतं. आता पाठलागाने जेरीस आलेले बाजीराव चांद्याच्या रोखाने येत होते, कारण आप्पासाहेबांशी हातमिळवणी करण्याची शेवटची आशा तिथे होती. मार्चमध्येच जेंकिन्सने आप्पासाहेबांना कैद केलं. १७ एप्रिलला पांढरकवड्याच्या बाजूला शिवणीजवळ कर्नल ॲडम्सने पेशव्यांची फौज उधळली. मेमध्ये चांद्याचा किल्ला पडला. ३ जूनला बाजीराव इंग्रजांच्या स्वाधीन झाले. कैदेत दूर नेलं जात असताना आप्पासाहेब वाटेत पहाऱ्यातून निसटले, महादेवाच्या डोंगरांत गोंडांनी त्यांना आसरा दिला, पुढे ते पंजाबात आणि शेवटी जोधपूरला गेले. तिथेच १८४० मध्ये वारले.

नागपूरच्या गादीवर तिसरे रघूजी बसवले गेले, लहान मूल. दुसऱ्या रघूजींची राणी बांकाबाई पालक झाली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मिरवणुकीने निघणारा काळी मारबत हा पुतळा म्हणजे इंग्रजांना मिळालेली बांकाबाई, असं लोक आजही सांगतात. ११ डिसेंबर १८५३ ला तिसरे रघूजी औरस वारसाविना गेले आणि गव्हर्नर जनरल डलहौसीने १८५४ मध्ये राज्य खालसा केलं, तेव्हा त्याविरुद्ध अर्ज करणारी, वकील पाठवणारी, वारसाचा हक्क मांडणारी हीच म्हातारी बांकाबाई होती. सही करणाऱ्या आणि फौज न हलवणाऱ्या पुरुषांपैकी कोणाचीही मारबत निघत नाही. तिच्यावर सगळा राग काढणं मला न्यायाचं वाटत नाही.

खालसा झालेलं नागपूर १८६१ मध्ये मध्य प्रांताची राजधानी झालं आणि पुण्याशी त्याचा राजकीय धागा जवळजवळ शंभर वर्षं तुटलेलाच राहिला. दोन्ही शहरं पुन्हा एका राज्यात आली ती १ नोव्हेंबर १९५६ ला, द्विभाषिक मुंबई राज्यात. त्यासाठी नागपूरने राजधानीपण सोडलं. फाजल अली आयोगाने तर १९५५ मध्ये विदर्भाचं वेगळं राज्य करण्याची शिफारस केली होती. पण त्याआधी, २८ सप्टेंबर १९५३ रोजी, पश्चिम महाराष्ट्र, विदर्भ आणि मराठवाड्याचे पुढारी नागपुरात एकत्र बसले होते आणि त्यांनी अटी लिहून काढल्या होत्या. नोकऱ्यांत आणि शिक्षणात लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा, उच्च न्यायालयाचं खंडपीठ, विकासाच्या खर्चात तिन्ही विभागांचा वेगळा विचार. यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे, रामराव देशमुख, रा. कृ. पाटील यांच्या सह्या त्यावर आहेत. त्या अटींचं पुढे काय झालं, विकासाचा अनुशेष किती साचला, यावर विदर्भात आजही भांडण आहे आणि ते भांडण रास्त आहे. कनकापूरचा कागद आणि हा कागद शेजारी ठेवून पाहावेत. १७६९ मध्ये लिहिलं होतं, बोलावलं की नागपूरने यावं. १९५३ मध्ये लिहिलं गेलं, दरवर्षी ठरावीक काळासाठी सरकारने नागपुरात यावं आणि विधिमंडळाचं किमान एक अधिवेशन इथे भरवावं.